शिवेपलीकडचं पाणी

सावरवाडीच्या ग्रामपंचायतीत शेषेरावांनी चौतीस वर्षं शिपाईगिरी केली. या काळात आठ सरपंच झाले. ग्रामसेवक किती झाले ते मोजायचं त्यांनी मध्येच सोडून दिलं. कोणाच्या घरची पट्टी थकली, कोणता खांब कोणत्या साली पडला, कोणत्या ठरावावर कोणी अंगठा उठवताना कां-कूं केलं, हे दप्तराआधी शेषेरावांना विचारावं लागे. माणूस सरळ, कामाला वाघ, आणि गावाचा अभिमान तर इतका की अहमदपूरच्या एसटी स्टँडवर कुणी सावरवाडीला नाव ठेवलं तर चहा अर्धा टाकून उठायचे.

अशा माणसाच्या हातून चूक होते तेव्हा तीही मन लावून केलेली असते. शेषेरावांची तशीच झाली.

ती समजायला थोडं मागं जावं लागेल. शेषेराव लहान असताना गावात पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढत. हातभर लांबीचा लाकडी गाडा, त्यात लिंबं, हिरव्या बांगड्या, दहीभात. अख्खं गाव तो वाजतगाजत शिवेवर नेई आणि ओढ्यापलीकडं, उमरगव्हाणच्या हद्दीत लोटून मागं न बघता परत येई. सकाळी उमरगव्हाणवाले उठत, कपाळाला हात लावत आणि तोच गाडा आपल्या पुढच्या शिवेवर नेऊन सोडत. असं करत करत गाडा कुठं जाई देव जाणे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. इडापिडा शिवेपर्यंत पोचवली की आपलं काम संपलं, पुढचं पुढच्या गावानं बघावं, अशी सगळ्या मुलखाची रीत होती. गाडे बंद होऊन पन्नास वर्षं झाली, पण रीत काही इतक्या लवकर मरत नाही.

सोळा वर्षांपूर्वी सावरवाडी स्वच्छ गावाच्या स्पर्धेत उतरली. उघड्या नाल्या बुजवून सिमेंटचे पाइप टाकले. सगळ्या गावाचं सांडपाणी एका ठिकाणी आलं आणि तालुक्याहून आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, "हे सोडायचं कुठं?" सरपंचांनी शेषेरावांकडं पाहिलं. शेषेरावांनी क्षणाचाही विचार न करता इंजिनिअरला आपल्याच रानाच्या कडेला, ओढ्याच्या वळणावर नेलं.

"इथं आपली शीव संपती साहेब," ते म्हणाले. "पल्याड नांदेड जिल्हा. जिल्हाच दुसरा हाय."

इंजिनिअरनं नकाशावर खूण केली. सावरवाडीला तालुक्यात दुसरं बक्षीस मिळालं. शेषेरावांना शाल-श्रीफळ मिळालं आणि त्या शालीतला फोटो बैठकीत लागला.

दोन वर्षांनी त्यांनी लेक दिली ती त्याच उमरगव्हाणात. सडकेनं जायचं तर एकोणीस किलोमीटरचा वळसा, रानातून ओढा ओलांडून जेमतेम तीन. लेक हाकेच्या अंतरावर राहील एवढाच हिशेब बापानं केला. ओढ्याचं पाणी कुठून कुठं वाहतं हा हिशेब त्यांच्या डोक्यातही आला नाही.

आरती दर येळवशीला माहेरी यायची. लातूरकडच्या माणसाला येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोपी म्हणजे खोप उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबिल, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. बोलावणं आलं की नाही म्हणायचं नसतं. आरती आपली पोर ऋतुजा हिला घेऊन ओढा ओलांडून यायची, दिवसभर राबायची आणि जाताना वीस लिटरचं निळं कॅन माहेरच्या रानातल्या, चढावरच्या बोअरच्या पाण्यानं भरून न्यायची. येळवशीला न्यायची, पंचमीला न्यायची, पुढं पुढं दर आठवड्याला दीर मोटारसायकलवर येऊन न्यायला लागला.

शेषेरावांना त्याचं कोण कौतुक. "लेकीला माहेरच्या पाण्याबिगर गोड लागंना," असं ते पारावर सांगत. कॅन दुसऱ्याशी बदलू नये म्हणून त्यांनी त्यावर पंचायतीच्या उरल्या रंगानं पांढरं फूलही काढलं होतं.

खटकायचं ते एवढंच, की व्याही अमृतराव येळवशीला कधी येत नसत. कधी गुडघा दुखे, कधी म्हैस व्यायला झालेली असे. सलग अकरा वर्षं म्हैस येळवशीलाच कशी विते, हे कोडं शेषेरावांना सुटेना. बाराव्या वर्षी त्यांनी धोतर खोचलं आणि व्याह्याला हाताला धरूनच आणायचं ठरवून येळवशीच्या सकाळीच ओढा ओलांडला.

अमृतराव अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी उठून रामराम घातला आणि आत पाण्यासाठी हाक दिली. आरती तांब्या घेऊन आली, पण वडलांच्या हातात देताना तिनं वर पाहिलं नाही. पाणी पिता पिता शेषेरावांची नजर दाराआड गेली. तिथं पांढऱ्या फुलाचं कॅन होतं.

"वा," ते हसून म्हणाले, "माझ्या रानातलं पाणी मलाच पाजून राहिलेत व्हय, पाव्हणं?"

अमृतराव हसले नाहीत. "हे बी तुमचंच हाय अन् विहिरीतलं बी तुमचंच हाय," ते शांतपणे म्हणाले. "कोणतं देऊ सांगा."

शेषेरावांना आधी कळलंच नाही. मग व्याह्यांनी त्यांना चपला घालायला लावल्या आणि ओढ्याकाठच्या विहिरीवर नेलं. चार घरांची ती विहीर. वरून पाणी स्वच्छ दिसत होतं. पण कासरा लावून बादली वर ओढली तसा वास आला, आणि तो वास शेषेरावांना ओळखीचा होता. चौतीस वर्षं त्यांनी त्याच वासाचं सांडपाणी उपसलं होतं.

अमृतराव म्हणाले, "उन्हाळ्यात ऋतुजाला दोनदा सलाईन लागलं. आमी तालुक्याला चार अर्ज दिले. आमचे साहेब म्हणतेत, घाण तिकडून येती, तिकडं जा. तुमच्या तालुक्याला गेलो तर म्हणतेत, आमच्या हद्दीत तर काहीच तक्रार न्हाई. आता गावानं ठरवलंय. शिवरात झाली की शिवेवर मुरूम-दगडाचा बांध घालायचा. पाणी माघारी फिरंल. तुमच्या रानात शिरंल, मग खालच्या आळीत."

"मंग पोरीचं काय?" शेषेरावांच्या तोंडून निघालं.

"तेच तर," अमृतराव म्हणाले. "एकदा दोन गावं भिडली की सोयऱ्याला कोण विचारतंय. ती इकडंच राहील. तुमच्याकडं येणं बंद होईल."

परतताना आरती ओढ्यापर्यंत सोबत आली. शेषेरावांनी तिला एवढंच विचारलं की बारा वर्षं बोलली का नाहीस.

"तुमाला शाल मिळाली होती आबा," ती म्हणाली. "बैठकीत फोटो लागला होता. कसं सांगू?"

त्या येळवशीला शेषेरावांनी ताटाला हात लावला नाही. बायको धोंडाबाईनं दोनदा विचारलं, मग तिनंही ताट उचललं. शरम वाटत होती. आणि त्याहून मोठी भीती होती ती शिवरातीची. हातात दीड-दोन महिने होते.

दुसऱ्या दिवशी ते सरपंच अंबिकाताईंच्या दारात उभे राहिले. बाईचं माहेर उदगीरकडचं, नवऱ्याचं किराणा दुकान, आणि बोलणं मापात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, उपाय हाय. पाणी साठवून निवळायचं तळं करायचं अन् ते पुढं कर्दळीच्या वाफ्यातून गाळून सोडायचं. पण दोन्हीला मिळून जागा लागती, ती बी उताराला. तसली जागा शिवेवरच. आपल्या बाजूला मावतंय फक्त तळं. वाफा पल्याड. अन् पल्याड खर्च करायचा आपल्याला हक्क न्हाई."

"अन् तळ्याची जागा?"

"ती तुमचीच, काका." ओढ्याच्या वळणावरचे ते पाच गुंठे शेषेरावांचे होते. तिथंच दर वर्षी त्यांची कोपी उभी राहायची.

मग मात्र शेषेरावांमधला शिपाई जागा झाला. साहेबाला काय नको असतं हे शिपायाइतकं कुणाला कळतं? एका कागदावर दोन जिल्हे दिसले की साहेब तो कागद बाजूला सारतो. शेषेरावांनी तोडगा काढला. कागदावर कामं दोन, जमिनीवर एक. तळं सावरवाडीच्या आराखड्यात, वाफा उमरगव्हाणच्या आराखड्यात. ठराव एकाच दिवशी, शब्दाला शब्द सारखे. एक कागद आपल्या तालुक्याला अहमदपूरला जाणार, एक त्यांच्या तालुक्याला कंधारला. पण त्यासाठी दोन्ही गावांनी एकमेकांच्या तोंडावर हो म्हणायला हवं होतं, कारण एक गाव मागं सरलं की दुसऱ्याचं काम फुकट.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा दोन्हीकडं व्हायचीच होती. ती ज्याच्या त्याच्या हद्दीत झाली पाहिजे हा नियम. म्हणून झेंडावंदन उरकून दोन्ही गावं ओढ्यावर आली. सावरवाडी अल्याड काठावर बसली, उमरगव्हाण पल्याड. मध्ये नालीचं काळं पाणी. दोन सरपंच, दोन रजिस्टरं आणि कर्णा एकच, तोही माइकची तार पुरेना म्हणून ओढ्यात दगडावर ठेवलेला. असली ग्रामसभा त्या भागात कुणी पाहिली नव्हती. पहिला अर्धा तास नुसती उणीदुणी निघाली.

अंबिकाताईंनी माइक हातात घेतला. "चूक आमची हाय," ती म्हणाली. "पण एक विचारते. तुमच्या गावची नाली कुठं जाती?"

ती नाली पुढच्या गावाच्या शिवेवर जात होती, दुसरीकडं कुठं जाणार? अमृतरावांनी मान खाली घातली आणि मग स्वतःच उठून सांगितलं, आमच्या ठरावात ते पण लिहा, पुढचं काम तेच.

आता जागेचा प्रश्न आला. शेषेरावांचा मुलगा हरिओम भर सभेत उभा राहिला. पोरगा वाईट नव्हता, पण जमीन म्हटली की कुणाचंही रक्त तापतं. "घाण अख्ख्या गावाची," तो म्हणाला, "अन् जमीन आमचीच का?"

लोक शेषेरावांकडं बघायला लागले. म्हातारा उठला. चौतीस वर्षांत असंख्य सभांच्या सतरंज्या त्यांनी अंथरल्या होत्या, पण सभेत बोलले कधीच नव्हते.

"पाणी कुठं सोडायचं असं साहेबानं इचारलं," ते म्हणाले, "तवा ही जागा मीच दाखवली. सरपंचानं न्हाई, साहेबानं न्हाई. मी. लहानपणी गाडा लोटायचो ना, तसं लोटून दिलं. शाल बी घेतली." त्यांनी पल्याडच्या काठाकडं हात केला. "पल्याड माझी लेक हाय हे नंतरचं. ती नसती तरी माणसंच होती. जागा मी दाखवली, म्हणून जागा माझी."

हरिओम खाली बसला. दोन्ही काठांवर हात वर झाले आणि दोन रजिस्टरांत एकच मजकूर उतरला.

शिवरात आली, बांध काही घातला गेला नाही. पण काम लगेच झालं असं कुणी समजू नये. सरकारी कागद आपल्या चालीनंच चालतो. शेषेराव पिशवीत दोन फायली घालून एक दिवसाआड एसटीनं कधी अहमदपूर, कधी कंधार करत राहिले. तिकडच्या शिपायांशी त्यांची गट्टी जमली आणि फायली त्यामुळंच हलल्या, असं माझं मत आहे. तळं पहिल्या उन्हाळ्यात खणलं, वाफा पावसाळ्यानंतर झाला. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या पोरांनी विहीर तीनदा उपसली. पाण्याचा पहिला नमुना खराब आला. दुसराही आला. तिसऱ्याचा कागद शेषेरावांनी अंबिकाताईंना दोनदा वाचायला लावला.

या येळवशीला कोपी तळ्याच्या वरच्या अंगाला, नव्या जागी उभी राहिली. जागा चढाची, कोपी जरा कललेलीच. अमृतराव सकाळीच हजर झाले. म्हैस कशी आहे, असं शेषेरावांनी विचारलं आणि दोघं पोट धरून हसले. शेषेराव मग आंबिलीची मातीची कळशी, बिंदगं, घेऊन रानाभोवती शिंपडत निघाले, तोंडानं ते जुनं कानडी वळणाचं पालुपद म्हणत, ज्याचा अर्थ त्यांच्या बापालाही ठाऊक नव्हता. शिंपडत शिंपडत शिवेवर आले. दर वर्षी इथून वळायचे. या वर्षी ओढा ओलांडून कर्दळीच्या वाफ्याभोवतीही शिंपडून आले. अमृतराव मागून चालत राहिले.

आरती आणि ऋतुजा संध्याकाळी निघाल्या. शेषेरावांनी आपल्याकडंच राहिलेलं कॅन पहाटेच घासून बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलं होतं. ते उचलून बांधापर्यंत आणलं आणि दम खात म्हणाले, "हे राहिलं की तुझं."

आरतीनं डोक्यावरची पाटी सावरली. "राहू द्या आबा," ती म्हणाली. "घरी हाय पाणी."

ती पोरीचा हात धरून ओढा ओलांडून गेली. माहेरवाशिणीला पाण्यावाचून लावून देताना बापाला एवढं बरं वाटल्याचं त्या शिवारात दुसरं उदाहरण नसेल. ती दिसेनाशी होईपर्यंत शेषेराव उभे राहिले. मग त्यांनी कॅनचं बूच काढलं, बसकण मारली आणि त्यातलंच ओंजळभर पाणी प्यायले.