दहा दिवसांचा व्हिसा

माझी लेक ज्या देशात राहायची त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या देशाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि फुकटची जाहिरात मी कुणाची करत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावचा. जात ढिवराची, धंदा मासळीचा. सुरुवातीला तलावावर पहाटे मासळी उचलायची, टोपले एसटीच्या टपावर टाकायचे आणि चंद्रपूरहून पुढे माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत जाऊन विकायची, असं चालायचं. तिथे बंगाली, तेलुगू, बिहारी अशी सगळी खाणारी माणसं. माझं हिंदी तिथलं आणि सौद्याचं शिक्षणही तिथलंच. पुढे बर्फाचा कारखाना झाला, दोन मेटॅडोर झाल्या, पण शिक्षण तेच राहिलं. त्याचा पहिला धडा असा की मनातला भाव पहिल्यांदा तोंडातून काढायचा नाही. चाळीस हवे असतील तर शंभर म्हणायचं. गिऱ्हाईक वीस म्हणतं. मग तुम्ही दोघं हसत, भांडत, एकमेकांची आई-बहीण विचारत चाळिसावर येता. एका बोलीत चाळीस सांगणाऱ्याची मासळी शिळी असणार, हे माजरीतलं शेंबडं पोरही ओळखायचं.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी लेकीचं लग्न ब्रह्मपुरीच्या एका इंजिनियरशी झालं आणि वर्षभरात जावयाला परदेशात नोकरी लागली. दुसऱ्या वर्षी लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण तिथल्या डॉक्टरनं विमानात बसायला मनाई केली. बायकोनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "पोरगी माहेरी येत नाई, त माहेर तिच्याकडे जाईन." जन्मात ती नागपूरच्या पलीकडे गेली नव्हती.

आमच्याआधी विहीणबाईंचा व्हिसा झाला होता. त्या ब्रह्मपुरीच्या निवृत्त शिक्षिका. अक्षर मोत्यासारखं, बोलणं लोण्यासारखं. मुंबईला गेल्या, अर्ज दिला, आठवड्यात शिक्का. त्या मुलाच्या घरी पुढे सावकाश जाणार होत्या. फोनवर मला म्हणाल्या, "भाऊ, काही अवघड नाही हो. विचारलं तेवढं लिहायचं. आणि समजा तुमचं नाहीच झालं, तर मी आहेच."

हे "मी आहेच" बायकोच्या इतकं जिव्हारी लागलं की तिनं त्याच संध्याकाळी डिंक तळायला घेतला. आपल्या लेकीचं पहिलं बाळंतपण विहिणीच्या हातून होणार, हे तिला मान्य नव्हतं. मेथीचे आणि डिंकाचे लाडू भरून डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला बांधली. कारण घरात मी होतो.

त्या देशाच्या मुंबईतल्या व्हिसा कचेरीसाठी आमचे दोघांचेही अर्ज मी स्वतः भरले. मुक्काम किती दिवस, असा एक रकाना होता. आम्हाला हवा होता सव्वा महिना. बाळंतिणीला आई सव्वा महिना बघते, तेवढं झालं की सुटली. मी लिहिलं, एकशे ऐंशी दिवस.

बायकोनं विचारलं, "सहा महिने कायले? इथलं कोण पाहीन?"

मी तिला समजावलं की ते कापणार. साठावर आणतील, आपण चिडल्यासारखं करू आणि पंचेचाळिसाला हो म्हणू. ती म्हणाली की सरकारी कागदावर असं करतात का. मी म्हणालो, कागद कुणाचाही असो, खिडकीच्या मागे माणूसच बसतो.

माणूस होता, पण मी पाहिलेल्या माणसांतला नव्हता. त्यानं एकशे ऐंशी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, बर्फाच्या कारखान्याच्या परवान्यापासून तलावाच्या ठेक्यापर्यंतची माझी छप्पन्न कागदांची चळत न उघडता बाजूला केली. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट परत मिळाले. व्हिसा नाही. का नाही, तेही नाही.

मला राग नकाराचा नव्हता. धंद्यात नकार रोजचाच असतो. पण अरे, तू वीस तरी म्हण. मी शंभर म्हणतो, तू पंचवीस म्हण. समोरच्यानं बोली लावली आणि तुम्ही भाव न सांगता दुकानाची फळी पाडली, असा धंदा मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. हे सगळं मी त्या खिडकीवर मोठ्या आवाजात सांगितलं. चौकीदारानं मला दंडाला धरून सन्मानानं रस्त्यावर आणलं. बायको मागून पर्स छातीशी धरून आली. घरी आल्यावर तिनं डब्याचं कुलूप काढलं आणि म्हणाली, "खा आता. शिळे होऊन राह्यले." इतके कडू लाडू मी कधी खाल्ले नाहीत, आणि त्यात मेथीचा दोष नव्हता.

मग नागपूरच्या एका एजंटनं रस्ता सांगितला. मुंबईत लगेच पुन्हा अर्ज करून उपयोग नाही, तुमची ख्याती झाली आहे. पण त्याच देशाची कचेरी काठमांडूतही आहे. आपल्याला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. तिथे जाऊन अर्ज टाका, फिरणारे गोरे लोक तसंच करतात, एका देशात बसून पुढच्या देशाचा व्हिसा काढतात. आणि कारण विचारलं तर 'स्थळदर्शन' लिहा, जास्त बोलू नका. शेवटचं वाक्य तो माझ्याकडे बघून म्हणाला.

बायकोनं दुसऱ्यांदा डिंक तळला. आम्ही गोरखपूरची गाडी धरली, सरहद्द पायी ओलांडली आणि रात्रभर बसमध्ये हाडं मोडून घेऊन काठमांडूला पोचलो. डबा सगळा वेळ तिच्या मांडीवर होता. लेकीला डॉक्टरनं दिलेल्या तारखेला पंधरा दिवस उरले होते. इथे नाही झालं तर विहीणबाई आहेतच, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

लॉजवर अर्ज भरायला बसलो तेव्हा मी मुंबईच्या चुकीचा अभ्यास करून तयार होतो. माझं निदान असं की बोली फार चढली, गिऱ्हाईक बिथरलं. बिथरलेल्या गिऱ्हाईकाला कसं आणतात? पहिली टोपली पडत्या भावात द्यायची. ते आत आलं, बूड टेकलं, की मग दुसरीचा भाव चढवायचा. म्हणून मी लिहिलं, दहा दिवस. एकदा देशात शिरलो की वाढवून घेऊ. कारण, स्थळदर्शन.

बायको म्हणाली, तिचा अर्ज मी भरायचा नाही. लॉजच्या मॅनेजरला तिनं समोर बसवलं आणि सांगत गेली, तो इंग्रजीत लिहीत गेला. कारण काय लिहू, असं त्यानं विचारलं. मी 'स्थळदर्शन' म्हणालो. ती म्हणाली, "मी काही पाहाले नाई चालली. लेकीचं बाळंतपण लिव्हा." दिवस? सव्वा महिना. मॅनेजरनं चाळीस लिहिले. मी कपाळावर हात मारला. बाई, मनातला भाव सांगून बसलीस.

"मनातला नाई त कोनाचा सांगू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत आमच्यापुढे पाठीवर पोतं बांधलेले गोरे होते. ते खिडकीशी जात, दोन मिनिटं बोलत आणि पावती घेऊन हसत निघत. एकानंही घासाघीस केली नाही. मला त्यांची दया आली.

खिडकीत एक नेपाळी कारकून होता आणि त्याच्या मागच्या टेबलावर त्या देशाचा साहेब. कारकून हिंदी बोलायचा. त्यानं आधी बायकोचा अर्ज घेतला आणि विचारलं की मुलीकडे चाळीस दिवस कशासाठी. ती आपल्या हिंदीत म्हणाली, "पहला बाळंतपन है साहब. हमारे इधर सव्वा महिना माँ करती है. सव्वा महिना करूंगी और वापस."

तो म्हणाला, आणि परत आलाच नाहीत तर?

"वापस काऊन नाई आऊंगी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "धान का रोवना है. और ये आदमी को चाय बनाना भी नहीं आता."

कारकून हसला. त्यानं मान वळवून साहेबाला त्याच्या भाषेत सांगितलं, आणि साहेबानं टेबलावरून मान उंच करून बायकोकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग तोही हसला. दोन देशांनी मिळून माझ्या चहावर हसण्याचा हा एकच प्रसंग.

पण तिच्या अर्जावर कारकुनानं अजून काहीच खूण केली नव्हती. तो तसाच डाव्या हाताखाली ठेवून त्यानं माझा घेतला. आम्ही दोघं बरोबर आहोत का, असं विचारलं. मी हो म्हणालो. यांना चाळीस आणि तुम्हाला दहाच? मी म्हणालो, मी फक्त सोडायला. त्यानं पेन्सिल काढून माझ्या दहाभोवती गोल केला. तेवढ्यात माझ्यातला माजरीचा माणूस जागा झाला. गिऱ्हाईक हसलं होतं. हसलेल्या गिऱ्हाईकाला सोडायचं नसतं.

"साहब, जरा बढ़ा दो. तीस कर दो. चलो, बीस."

"आपने दस मांगा है," तो म्हणाला.

"मांगा है, पर वो तो बोली थी."

"क्या थी?"

मागच्या साहेबाचं हसू गेलं. कारकुनाची पेन्सिल थांबली. माझी कानशिलं तापली, आणि मुंबईत जे बोललो होतो ते सगळं तसंच्या तसं जिभेवर येऊन उभं राहिलं. त्यात पुष्कळ सुधारणाही सुचल्या होत्या. इतक्यात माझ्या पायावर वजन पडलं. बायकोची टाच. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती काचेतून त्या डाव्या हाताखालच्या कागदाकडे पाहत होती. डबा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तो लॉजवर ठेव म्हटलं होतं, ठेवला नव्हता.

मी म्हणालो, "दस ठीक है."

आयुष्यात एका बोलीत पक्का केलेला हा माझा पहिला सौदा. कारकुनानं माझा अर्ज बाजूला सारला, तिचा वर घेतला आणि तिच्या चाळिसाभोवती गोल केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पासपोर्ट मिळाले. जिनं जेवढे मागितले तिला तेवढे, ज्यानं जेवढे मागितले त्याला तेवढे. एक दिवस इकडे नाही, एक तिकडे नाही. असल्या लोकांचा बाजार कसा चालतो, देव जाणे.

आम्ही पोचलो तेव्हा तारखेला आठ दिवस होते. मी हिशेब केला, आठवा दिवस म्हणजे मी नातवंड बघून, दोन दिवस मांडीवर घेऊन निघतो. आठवा दिवस आला आणि गेला. नवव्या दिवशी मी मुदत वाढवून घ्यायला तिथल्या कचेरीत गेलो. टेबलावरच्या बाईनं विचारलं की कारण काय. मी म्हणालो नातू उशीर करतोय. तिनं कागद पाहिले. कागदावर माझं कारण स्थळदर्शन होतं. तेवढी स्थळं दहा दिवसांत बघून होतात, असं तिनं फार गोड सांगितलं.

लेक रडली. बायको म्हणाली, "जा तुमी. तुमाले दहाच पाह्यजे होते."

काठमांडूपर्यंत विमान, मग बस, मग सरहद्द. बाराव्या दिवशी मी गोरखपूरच्या फलाटावर होतो. एसटीडीच्या दुकानातून लेकीच्या घरी फोन लावत होतो, लागत नव्हता. म्हणून सावलीला शेजाऱ्याकडे लावला. शेजारी म्हणाला, "अभिनंदन भाऊ, नातू झाला. सकाळीच ब्रह्मपुरीहून तुमच्या विहीणबाईंचा फोन आला होता."

म्हणजे माझ्याआधी त्यांना कळलं. हे मी विसरलेलो नाही.

बायको सव्वा महिना राहिली, त्यातले दहा-अकरा दिवस नातवानंच उशीर करून खाल्ले. लाडू पुरवून पुरवून घातले, बाळाला रोज तेलानं रगडलं, आणि चाळिसाव्या दिवशी निघून रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, हजर झाली. विहीणबाई नंतर गेल्या, तेव्हा लेक घरात चालत-फिरत होती. बायको त्यांना फोनवर फक्त एवढंच म्हणाली, "आता तुमी आहाच." इतक्या गोड आवाजात की मलाही भीती वाटली. चहा मी अजून शिकलेलो नाही. मुद्दाम.

नातू तीन वर्षांचा झाला तेव्हा लेकीचा फोन आला. त्याला घेऊन पहिल्यांदा सावलीला येते म्हणाली. "बाबा, किती दिवसांसाठी येऊ?" मी सहा महिने म्हणायला तोंड उघडलं होतं. बायकोनं हातातून फोन हिसकावला आणि म्हणाली, "सव्वा महिना ये."

ती सव्वा महिनाच आली. पोरगा माझ्या मांडीवर बसून मासळीचे काटे काढायला शिकला आणि बरोबर चाळिसाव्या दिवशी गेला. मी सहा महिने म्हटलं असतं, तर तीन तरी मिळाले असते, असं मला अजूनही वाटतं.