चढाच्या वाडीचा थांबा

महिपतीनानांना गावात कुणी महिपती म्हणत नाही. थांबा म्हणतात. लहान माणसं पाठीमागे, त्यांच्या वयाची तोंडावर. "थांबा कुटं गेला?" असं कुणी विचारलं की नवख्या माणसाला वाटतं, हा एसटीची चौकशी करतोय.

मला त्यांच्याकडे सरपंच सुकन्याताईंनी धाडलं. गावाला रेल्वेचा थांबा हवा होता. मागणीसोबत जुन्या थांब्याचा इतिहास जोडायचा होता, आणि मी सोलापुरात मराठी घेऊन एम. ए. झालो होतो. एम. ए.चा गावाला एवढा तरी उपयोग व्हावा, असं ताईंचं मत पडलं. नानांनी पहिल्याच दिवशी माझा 'यम्ये' केला. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या चुलीपाशी बसून चहा प्यायला लागलो.

इतिहास असा.

कुर्डुवाडीहून बार्शीकडे तेव्हा अरुंद रुळांची छोटी गाडी जायची. चढाच्या वाडीला स्टेशन नव्हतं. गरजही नव्हती. चढ लागला की इंजिनाचा दम निघायचा. माणसं गाडीशेजारून गप्पा मारत चालायची आणि गप्पा संपल्या की आत चढायची. बायका आधी करडू आत द्यायच्या, मग पाटी, मग स्वतः. परतीच्या उतारावर ड्रायव्हर ब्रेक धरून गाडी हळू आणायचा. तेव्हाही तेच. तिकीट कुणी काढत नव्हतं. काढणार कुठं?

अशा सुखात केमचे भिमाअण्णा आपल्या सोनाबाईसाठी स्थळ बघायला आले. केमला स्टेशन आहे. थांबलेल्या गाडीतून उतरायची अण्णांना सवय. चालत्या गाडीतून ते उतरले ते थेट बाभळीत.

नाना त्यांच्या धोतरातले काटे काढत होते, तेव्हा अण्णा म्हणाले, "घर बरं हाय. पोरगं बी बरं दिसतंय. पण जितं गाडी उभी ऱ्हात न्हाय, तितं माझी पोर द्यायची न्हाय. माहेराला येताना ती उडी मारंल व्हय?"

"गाडी थांबवतो की," नाना म्हणाले. "थांबलेल्या गाडीत बसवून तिला माहेराला आणीन. शब्द हाय."

मी विचारलं, "नाना, सोयरीक जमवायला तुम्ही रेल्वे थांबवली?"

"मग? दुसरं काय करायचं? पोरगी लई चांगली हुती."

चुलीमागून सोनाबाई म्हणाल्या, "हुती!"

नानांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि थांबा आणला. मातीचा ओटा, पत्र्याची शेड, पाटी. तिकीट विकायचं कंत्राट नानांनाच मिळालं. सोबत दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. गाव खूश झालं. आता तिकीट काढावं लागणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिली गाडी वऱ्हाड घेऊन आली. त्यातच नवरी. नाना मुंडावळ्या बांधून ओट्यावर उभे, हातात लाल झेंडी. गाडी थांबली. वऱ्हाड रुबाबात उतरलं. वाजंत्री वाजली. मग गाडी निघेना. चढावर एकदा थांबलेल्या इंजिनाला पुन्हा हलायची ताकद नव्हती.

ड्रायव्हरनं गाडी मागं सोडली, पार उताराच्या तळापर्यंत. तिथून जोर घेऊन तो धडधडत वर आला. ओट्यासमोर नवरदेवानं लाल झेंडी दाखवली.

गाडी थांबली.

हे ऐकताना मी चहा खाली ठेवून नानांकडे बघितलं. ते शांत होते. "थांबा म्हंजे थांबा," म्हणाले. "आलेली गाडी न थांबवता सोडायची, असं न्हवतं सांगितलं कुणी."

ड्रायव्हर पुन्हा मागं गेला. पुन्हा आला. पुन्हा झेंडी. मुहूर्त टळायला आला. शेवटी भिमाअण्णांनी जावयाच्या हातातली झेंडी हिसकावली आणि गाडी बार्शीला गेली. लग्न लागलं. नवरदेवाचं नाव मात्र बदललं.

त्यानंतर कुठलाही ड्रायव्हर तिथं थांबला नाही. चढावर थांबायची भीती होतीच. उतारावर थांबवली, तर गाडी ओढ्यापलीकडं जाऊन उभी राहायची. माणसं आधीसारखीच चालत चढू लागली, फक्त आता तिकीट काढून. त्याबद्दल गावानं नानांना माफ केलेलं नाही.

लग्नानंतर सोनाबाईंनी त्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही. "पळत चढाया मी काय शेळी हाय?" त्या म्हणायच्या. "शब्द थांबलेल्या गाडीचा हुता." त्या माहेरी बैलगाडीनं गेल्या, एसटीनं गेल्या, जीपनं गेल्या. पुढं छोटी गाडी बंद झाली. मोठे रूळ आले, चढ कापून सपाट झाला. गाड्या वाडीवरून शिट्टी मारत जाऊ लागल्या. भिमाअण्णा वारले. शब्द तेवढा राहिला.

"आता गुडघं चालत न्हाईत तिचं," नाना एकदा हळूच म्हणाले. "यम्ये, हा थांबा झाला न्हाय तर मी खोटा मरतो बघ."

मी इतिहास लिहिला. झेंडीचा भाग गाळला.

पाहणीला रेल्वेचे साहेब आले. सुकन्याताईंनी नानांना बजावलं होतं, की फक्त 'थांबायची' म्हणायचं, पुढं बोलायचं नाही. साहेबांनी विचारलं, "आजोबा, पूर्वी इथं गाडी थांबायची ना?"

"थांबायची," नाना म्हणाले.

"व्हय, थांबायची," सोनाबाई म्हणाल्या. "निघायची न्हाय." आणि त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, नवरदेवाच्या अभिनयासकट. सुकन्याताईंनी डोळे मिटून घेतले. साहेब हसता हसता शेडच्या खांबाला टेकले. प्रायोगिक थांबा मंजूर झाला. माझा इतिहास कुणी वाचला असेल, असं वाटत नाही.

पहिल्या दिवशी वाडी फलाटावर मावेना. हार, बँड, मोबाईल. सोनाबाई इरकल नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. दोघं केमला निघाले होते. कुर्डुवाडीला भाचा उतरवून घेऊन पुढं नेणार होता. तिकिटं नानांच्या बंडीच्या खिशात. ताईंनी मानानं नानांच्या हातात हिरवी झेंडी दिली. एकच. लाल द्यायची नाही, हे गावानं बैठकीत ठरवलं होतं.

गाडी आली. थांबली. इंजिनाला हार घालायला सगळे पुढं धावले.

"नाना, झेंडी दाखवा!"

नानांनी दाखवली नाही. "आदी हिला बसू द्या."

"अहो नाना, गाडी जाईल!"

"हिला बसू द्या म्हणतो न्हवं!"

मी सोनाबाईंचा एक हात धरला, आतल्या एका बाईनं दुसरा. त्या सावकाश चढल्या. खिडकीशी बसल्या, पदर सारखा केला. नाना त्यांच्याकडे बघत राहिले. भिमाअण्णांच्या बाभळीपासून इथपर्यंत आले होते बिचारे. मग त्यांनी ऐटीत हात वर केला आणि झेंडी दाखवली. बँड वाजला. गाडी हलली.

खिडकीतून सोनाबाई ओरडल्या, "अवो, तुमी चढा की!"

नाना दचकले. मग पळाले. गाडीशेजारून, तरुणपणी पळायचे तसे. हात वर करून ओरडत होते, "थांबा! थांबा!" वर केलेल्या हातात हिरवी झेंडी जोरजोरात हलत होती. मागच्या डब्यातल्या गार्डनं हसून आपलीही हिरवी झेंडी हलवली.

गाडीनं वेग घेतला.

फलाटाच्या टोकाला मी नानांना गाठलं. ते धापा टाकत होते. चेहरा मात्र पडलेला नव्हता.

"निघाली की रं," ते म्हणाले. "एका दमात निघाली."

माझा फोन वाजला. सोनाबाई होत्या, शेजारणीच्या मोबाईलवरून.

"त्यांना म्हणावं, तिकिटं खिशात ऱ्हायली, टीसी आला तर काय सांगू?" मग जरा थांबून, "आन म्हणावं, शब्द फिटला. जीपनं या."