शेठजींच्या काचेच्या कपाटातले आंबवण

शेठजींच्या गौरवग्रंथाला चारशे बारा पाने आहेत. त्यांपैकी एकोणीस पानांवर त्यांचे छायाचित्र नाही. या ग्रंथानुसार परक्या मुलखात पाऊल ठेवताना शेठजींजवळ अंगावरचा कोट आणि कोटाच्या आतल्या खिशात आंबवणाची बाटली, एवढीच संपत्ती होती. आंबवण म्हणजे पीठ आणि पाणी आंबवून जिवंत ठेवलेला गोळा. त्याला रोज ताजे पीठ चारावे लागते, तेव्हा कुठे तो पाव फुगवतो. त्या बाटलीतून पुढे सात भट्ट्या आणि बिस्किटांचा कारखाना उभा राहिला, असे ग्रंथकार गहिवरून लिहितो.

बंदरावरच्या झडतीचा कागद गहिवरत नाही. त्यात शेठजींच्या नावापुढे 'कोट एक, कंगवा एक, पत्त्यांचा जोड एक' अशी नोंद आहे. बाटली सापडते ती त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, गाठोड्यात. पहिली सहा वर्षे पीठ मळले वहिनींनी, भट्टी सांभाळली थोरल्याने. शेठजी गल्ल्यापाशी उभे राहून गिऱ्हाइकांशी गोड बोलत. थोरला वारला, आणि त्याचे दिवस होण्याआधी दुकानावरची पाटी बदलली. आयत्या बिळावरचा नागोबा निदान स्वतःला बीळ खणणारा म्हणवून घेत नाही.

वहिनींनी वाटा मागितला नाही. पहिल्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत त्या राहिल्या, रोज सकाळी आंबवणाला पीठ चारीत राहिल्या. त्यांना हवे होते ते एवढेच, की दिराने एकदा चार लोकांत सांगावे : हे वहिनीने आणले. या एका वाक्यासाठी त्यांनी एकतीस वर्षे वाट पाहिली.

म्हातारपणी कुणाला दमा होतो, शेठजींना दानशूरपणा झाला. नव्याने येणाऱ्या परदेशी माणसांसाठी त्यांनी फुकट भोजनगृह बांधले आणि दारात स्वतःचा अर्धपुतळा बसवला. ताटात पाव पडण्यापूर्वी प्रत्येकाने शेठजींचे ध्वनिमुद्रित चरित्र ऐकायचे, असा नियम ठरला. ते एकोणीस मिनिटांचे होते. तेवढ्यात सूप गार होई. उद्घाटनाचा पहिला पाव 'मूळ आंबवणाचाच' हवा, असेही फर्मान निघाले. भट्ट्या केव्हाच बाजारच्या यीस्टवर चालू लागल्या होत्या; वहिनींकडच्या आंबवणातून काढून घेतलेले हे 'मूळ' आंबवण शेठजींच्या कचेरीत काचेच्या कपाटात, दिव्याखाली, नऊ वर्षे कुलूपबंद होते. आयुष्य पावावर काढलेल्या या माणसाला ते उपाशी मरते याचा विसर पडला होता. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होते. बोलले कुणीच नाही.

दोन दिवस आधी भट्टीवरचा मिस्त्री माडीवर आला.

"वहिनी, कपाटातलं आंबवण पार वाळलंय. बुटाच्या तळव्यासारखं."

"नऊ वर्षं उपाशी ठेवल्यावर काय बाळसं धरणार होतं? तुम्हाला आज कळलं होय?"

"कळलं होतं हो. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?"

"मांजरालाच पाठवा वर."

शेठजी आले. जिना चढून धापा टाकीत खाटेवर बसले.

"वहिनी, घरातलीच गोष्ट आहे. वाटीभर द्या."

"देते की, भाऊजी. पण स्टेजवर सांगायचं, हे कुणी आणलं ते. एकच वाक्य."

"एवढंच ना? दहा वाक्यं बोलतो!"

"दहा नकोत. दहांत ते एक हरवतं."

शेठजींनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. वहिनींनी वाटी भरून दिली.

उद्घाटनाला पाव सुरेख फुगले. शेठजी चाळीस मिनिटे बोलले. वादळ आले, बोट आली, कोट आला, खिसा आला. आणि मग त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "माझी ही ठेव इतकी वर्षं जिनं राखली, ती माझी वहिनी! टाळ्या!"

मालकिणीची राखणदार झाली. टाळ्या पडत असताना वहिनी उठल्या.

"भाऊजी, तुमच्या कोटाला आतला खिसाच नव्हता. तो कोट मी शिवलाय."

पहिल्या तीन रांगा हसल्या. शेठजींनी ध्वनिक्षेपक तोंडाजवळ ओढला. "वहिनी भावुक झाल्यात," असे म्हणून त्यांनी बँडवाल्यांना खूण केली.

वहिनी मागे, पावासाठी ताटकळत उभ्या असलेल्या बायकांकडे गेल्या. त्यांच्या हातांतल्या ताटल्या रिकाम्या होत्या. ध्वनिमुद्रण अजून सुरू व्हायचे होते.

"कुणाला पाव भाजता येतो?" त्यांनी विचारले. बरेच हात वर झाले. "मग उद्या सकाळी माझ्याकडे या. येताना बरणी आणा."

दुसऱ्या दिवशी अकरा जणी आल्या. महिन्याभरात साठ झाल्या. प्रत्येकीच्या बरणीत चमचाभर आंबवण घालताना वहिनी ते कुणी, कुठून, कशात गुंडाळून आणले ते सांगत आणि तिच्याकडून परत म्हणवून घेत. चुकली तर, "पुन्हा सांग," म्हणत. त्या वस्तीत आज कुणालाही विचारावे, 'वहिनींचं आंबवण' असेच उत्तर मिळते. शेठजी कोण, हे मात्र समजावून सांगावे लागते.

भोजनगृहातली रांग निम्म्यावर आली. संस्थेच्या वार्षिक अहवालात पान सातवर त्याची नोंद आहे : 'लाभार्थ्यांची संख्या पन्नास टक्क्यांनी घटली असून, यावरून माननीय शेठजींच्या कार्याचे यश सिद्ध होते.'