कोकरे सरांनी परत घेतलेली गोष्ट

कोकरे सर 'गिव्ह अप' शिकवायचे तेव्हा वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोराला टेबलावर चढवायचे. आमच्या वर्षी तो मान मला मिळाला. मी घोड्यावरचा विजयी सरदार. सर खाली, हरलेले किल्लेदार. छडीच्या टोकाला शाळेच्या किल्ल्या अडकवून, मान खाली घालून ते छडी माझ्याकडे उंच धरायचे. "भाल्यावर किल्ल्या वर दिल्या, म्हणून अप! आधी किल्ला दिला, मग लोकं सवयी द्यायला लागली, शेवटी आशा. कळलं का रं?" कळलं तर! वैजापूरकडच्या आम्हा पोरांना इंग्रजीतलं तेवढं एक मात्र जन्मभर कळलं.

सरांच्या घरात सगळे मेंढरं राखणारे. इंग्रजी शिकलेले ते पहिलेच. त्यामुळे असेल, पण वर्गात अडलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही.

मी आता शहरात, गुलमंडीत, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचा क्लास घेते आणि सरांची ती गोष्ट अर्थातच ढापली आहे. मागच्या वर्षी एका दुपारी एका मुलीला टेबलावर चढवून मी पट्टी उंच धरली होती, तेवढ्यात दारात सर. जिना चढून दम लागला होता. "चालू दे गं," म्हणाले आणि मागच्या बाकावर बसले. मग काय, मला चेव आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सर उठले.

"ही गोष्ट माझी हाय, आणि खोटी हाय," ते म्हणाले. "एका पोरानं विचारलं, सर, दिलं तर दिलं, वर कशाला? मला येत नव्हतं. येत नाय म्हणायची लाज वाटली, म्हणून रचली. आता लेकीनं जाडा कोश आणून दिला, त्यात बघितलं. हे अप म्हंजे वर नाय, पुरतं. ईट अप, ताट पुसून खाणं. तसं गिव्ह अप, हातातलं पुरतं देऊन टाकणं. किल्ला देणं खरं, भाला माझा. तुमच्या मॅडमची काय चूक नाय."

आणि त्यांनी त्या मुलांपुढे हात जोडले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. जिन्यात मी म्हणाले, "सर, एवढ्याशासाठी आलात?"

"चिकलठाण्याला माझ्याकडं शिकलेली दोघं हायेत, त्यांना सांगून आलो. लई जणांना सांगायचं राहिलंय."

थंडीत सर गेले. शाळेतच शोकसभा झाली. त्यांचा एक विद्यार्थी आता मार्केट यार्डात कांद्याचा मोठा आडत्या आहे. तो बोलायला उठला, छडी मागवली, तिला किल्ल्या अडकवून उंच धरल्या. "असं शिकवलं आम्हाला सरांनी!" बायाबापड्या रडायला लागल्या.

मी उठले. ही गोष्ट सरांनी रचलेली होती, तिची त्यांना लाज वाटत होती आणि ते स्वतः सांगत फिरत होते, एवढंच बोलले. सभेत चुळबूळ झाली. "आजच्या दिवशी कशाला हे, मॅडम?" मागून कुणीतरी म्हणालं. आडत्याने छडी हळूच भिंतीला टेकवली. मेलेल्या माणसाची आपण चारचौघांत शोभा केली, असं वाटून मी खाली मान घालून बसले.

शेजारी सरांच्या बायको बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"बरं केलंस," आडत्याकडे बघत काकू म्हणाल्या. "गेले त्या दिवशी ह्याच पोराकडं निघाले होते. चपला पायातच होत्या."