सोळा सभासदांचे मामा

अख्ख्या अमेरिकेत लोकशाहीची खरी काळजी एकाच माणसाने वाहिली, ती माझ्या बायकोच्या मामांनी. फक्त ती लोकशाही अमेरिकेतली नव्हती, भारतातलीही नव्हती. पॅसिफिक महासागरात, नकाशावर माशी बसली तर झाकला जाईल एवढा एक देश आहे. त्याच्या संसदेत सोळा सभासद असतात. त्या सोळा जणांची एक अख्खी टर्म मामांनी अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात, मुलीच्या सोफ्यावर बसून पार पाडली.

नागपूरला मामी वारल्या आणि मुलीने मामांना इकडे आणलं. त्याच सुमारास नातीला शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हा देश मिळाला. तिने चार दिवसांत पोस्टर चिकटवून विषय संपवला, मामांना चार वर्षं लागली. "आजोबा, इट्स ओव्हर. आय गॉट अ बी प्लस," असं तिने समजावूनही पाहिलं. मामा म्हणाले, "तुझं संपलं गं, त्यांचं अधिवेशन आत्ता सुरू होतंय."

मग फ्रिजवर सोळा नावं लागली. कोण कोणाचा मेहुणा, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, सगळं मामांना पाठ. आम्ही इथे संध्याकाळी जेवायला बसतो तेव्हा तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ असते, त्यामुळे पानावर बसलं की फोनवर त्यांचा रेडिओ लागायचा. "जरा थांबा, अर्थमंत्री उभे राहिलेत," म्हणून वाढणारीचा डावही हवेत थांबायचा. भाषण त्यांच्या भाषेत. मामांना त्यातला शब्द कळत नसे. "कळायचं काय त्यात? अंगावर आलं की सगळे सारखेच खाकरतात," इति मामा. एका गणपतीत आमच्या मित्राने त्यांना मुद्दाम विचारलं, "काका, आपल्या इथून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये कोण निवडून गेलंय?" मामा शांतपणे म्हणाले, "इथलं मला ठाऊक नाही. मी इथे पाहुणा आहे."

त्यांचा लाडका सभासद सगळ्यात लहान बेटावरचा, निवृत्त शाळामास्तर. त्या गृहस्थाने संपूर्ण टर्ममध्ये एकच प्रश्न विचारला: महिन्यातून एकदा येणारी बोट दोनदा कधी येणार? मंत्री दर वेळी सांगत, विचाराधीन आहे. "आज परत विचारलं त्याने," हे मामा पोराचा निकाल सांगावा तसं सांगत.

मी एकदा म्हटलं, "मामा, चार वर्षं एकच प्रश्न विचारणाऱ्याला आमच्या कंपनीत काढून टाकतील."

"बेटावरून बाहेर पडायला त्याला दुसरा रस्ता नाही. तो आणखी काय विचारणार?"

यावरही मी एक विनोद केला. शॉमबर्गमध्ये गाडी न चालवणाऱ्याला लायब्ररीतसुद्धा कोणीतरी न्यावं लागतं. मामा दर आठवड्याला मला फोन करून "या शनिवारी जमेल का?" विचारत, आणि मी "या वीकेंडला बिझी आहे मामा, नेक्स्ट वीक नक्की" म्हणत असे. या दोन गोष्टींचा संबंध माझ्यासारख्या हुशार माणसाच्या लक्षात आला नाही.

निवडणुकीत मास्तर पडले, तेही सख्ख्या पुतण्याकडून. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांनी सरकारी थाटाच्या इंग्रजीत मास्तरांना दुखवट्याचं पत्र लिहिलं.

"बाबा, त्यांना आपण माहीतसुद्धा नाही," मुलगी म्हणाली.

"मला ते माहीत आहेत ना."

पोस्टात मीच घेऊन गेलो, घरी येऊन सांगायला एक गंमत मिळेल म्हणून.

चार महिन्यांनी मास्तरांचं उत्तर आलं, वहीच्या कागदावर. मामांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. बोट आता महिन्यातून दोनदा येते, श्रेय पुतण्या घेतो. बेटावर सगळे दोघांचेही नातेवाईक, म्हणून वाईट वाटलं असं कोणीच म्हणालं नाही. तेवढं एक पत्र तुमचं आलं, बायकोने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

मामांनी चष्मा काढून ठेवला. "बायको आहे त्याची," ते म्हणाले. "बरं आहे."

नव्या संसदेची यादी मी हौसेने प्रिंट करून नेली. मामांनी ती पाहिली आणि घडी करून माझ्याच हातात दिली. "नको रे. सगळ्यांशी पुन्हा ओळख करून घ्यायची, आणि मग त्यांनी जायचं."

हल्ली दर शनिवारी मी त्यांना लायब्ररीत सोडतो. काही वाचत नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, आणि मी न्यायला येईपर्यंत, निघायच्या तयारीतल्या पाहुण्यासारखा, कोट अंगावरच ठेवतात.