माझे ब्रेक लागले, पण मागच्याचं काय?

मित्रांनो, आज सकाळी देगलूरहून नांदेडला येताना जे झालं, ते अजून डोक्यातून जाईना.

माझी व्हॅन जुनी. ब्रेक दाबला तरी उतारावर पुढं सरकायची. म्हणून गॅरेजवाल्या मित्राकडून तिला भंगारातल्या एका स्पोर्ट्स कारचे डिस्क ब्रेक बसवून घेतले.

आज वळणावर अचानक शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला आणि व्हॅन जागेवर थांबली. खूश होऊन शेजारी बसलेल्या बायकोकडं बघितलं, तेवढ्यात मागून आलेली एक मोटारसायकल आम्हाला चुकवत बाजूच्या सोयाबीनमधी शिरून आडवी झाली. तिच्यावर नवरा-बायको आणि मधी बसवलेलं लेकरू.

आम्ही पळत गेलो. थोडं खरचटलं होतं, बाकी सगळे ठीक.

"भाऊ, शेळ्या आल्या म्हणून थांबावं लागलं," मी म्हणालो.

लेकराच्या अंगावरची माती झटकत तो म्हणाला, "हाव, पण इतक्या जुन्या गाडीचा ब्रेक असा लागंल, असं वाटलं न्हाई."

तिथून पुढं नांदेडपर्यंत आरशात बघत हळूहळू आलो.

मागच्यानं अंतर ठेवायला पाहिजे, हे खरं. पण माझी गाडी आता कशी थांबते, हे त्याला कसं कळावं? तुम्ही काय केलं असतं?