शेडमधली खंडेनवमी
झेंडूचा वास आला की कॉलेजातली ती पत्र्याची शेड आठवते. पोरं तिथं गाड्या दुरुस्त करायची आणि मी, जुना मिस्त्री, त्यांना शिकवायचो. गाडी उचलायची लिफ्ट बसवा, न्हाय तर शेड बंद, असं कॉलेजनं बजावलं होतं. पोरं डबा घेऊन वर्गणीला निघाली, तसं मी अडवलं. "हात पसरू नका. खंडेनवमीला गाडीवाल्यांना मानानं बोलवा, आपणहून पूजेच्या ताटात पैसे टाकतील." लई गाड्या आल्या. आम्ही हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली. लोकांनी पेढे खाल्ले, "झ्याक हाय की" म्हणाले आणि लिंबं चिरडत निघून गेले. "मामा, ताटात नुसतं कुंकूच हाय की," हार ओवणारी पोरगी म्हणाली. मागायचं न्हाय, हे मी आजबी म्हणतो. शेडला कुलूप हाय.